एक बटण, दोन पाठ : ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’च्या पुनरुज्जीवनाविषयी

जुन्या छापील पोथ्यांच्या आवृत्त्या ताडून पाहणे हा माझा वीस-बावीस वर्षांचा उद्योग. त्यावर कुठल्या विद्यापीठाचा शिक्का नाही. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी ग्रंथालयांच्या कपाटांपुढे उभे राहून जे जमले ते शिकलो. त्यामुळे एका व्हिडिओ गेमवर लेख लिहितो आहे असे सांगितल्यावर मित्राने विचारले, पोथ्या संपल्या वाटते? संपल्या नाहीत. पण गेल्या दिवाळीत धाकट्या बहिणीकडे गेलो असता सातवीतली भाची ‘वंडर बॉय : द ड्रॅगन्स ट्रॅप’ खेळत होती. खेळता खेळता तिने हातातले एक बटण दाबले, आणि हाताने रंगवलेले वाळवंट जाऊन त्याच जागी ठोकळ्याठोकळ्यांचे जुने वाळवंट आले. नायक होता तिथेच, उडीच्या मध्यावर. पुन्हा बटण, पुन्हा रंगवलेले आकाश. दोन प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडणाऱ्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्यानंतरचे चार महिने मी हा गेम भाचीच्या मदतीने, आणि बऱ्याचदा तिची बोलणी खात, खेळलो.

मूळ गेम १९८९चा. जपानमधल्या वेस्टोन कंपनीने तो सेगाच्या मास्टर सिस्टीम या यंत्रासाठी केला. कर्ते र्‍यूइची निशिझावा. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उड्या मारत पुढे जायचे, अशा ‘प्लॅटफॉर्म’ जातीचा हा गेम, पण त्याची सुरुवात उलटी आहे. पहिल्याच मिनिटाला खेळणाऱ्याच्या अंगावर पूर्ण चिलखत आणि हातात उत्तम तलवार असते. तो यांत्रिक ड्रॅगनला मारतो, आणि मारल्याबद्दल त्याला शाप मिळतो : माणसाचा सरडा होतो. पुढे प्रत्येक ड्रॅगन मारला की नवे रूप : उंदीर, पिऱ्हाना मासा, सिंह, ससाणा. उंदीर चौकटीच्या नक्षीच्या भिंतीवर आणि छताला चिकटून चालतो, मासा पाण्यात मोकळा पोहतो, ससाणा उडतो पण पाणी लागले की घायाळ होतो. प्रत्येक विजय म्हणजे एक शिक्षा आणि एक नवी विद्या. गोंडस चित्रांच्या आड एवढी कठोर रचना असलेले खेळ मी फार पाहिलेले नाहीत (मुळात पाहिलेलेच थोडे, हेही खरे).

आणखी एक गंमत सांगितलीच पाहिजे. या गेममध्ये मोहकतेलाही गुण असतात. दुकानदार म्हणजे एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, सिगारेट ओढणारे डुक्कर. तुमचे मोहकतेचे गुण कमी असतील, तर ते काही माल विकतच नाही. तिथे नुसते प्रश्नचिन्ह दिसते. खिशात सोने असूनही सरड्याला ढाल मिळत नाही. म्हणजे ‘गोड दिसणे’ हा इथे केवळ सजावटीचा भाग नाही, तो व्यवहाराचा नियम आहे.

२०१७च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या लिझार्डक्यूबने हा गेम पुन्हा आणला. ओमर कॉर्नू यांनी प्रोग्रॅमिंग केले आणि बेन फिके यांनी चित्रे काढली. कॉर्नू हे मूळचे हौशी संग्राहक. मास्टर सिस्टीमविषयीची माहिती गोळा करणारा ‘एसएमएस पॉवर’ हा उपक्रम त्यांनी उभा केला आणि ते यंत्र आजच्या संगणकावर हुबेहूब चालवणारे ‘मेका’ हे सॉफ्टवेअर लिहिले. वेस्टोन २०१४ मध्ये बंद पडली होती. कॉर्नू यांनी १९८९च्या कॅसेटमधल्या आज्ञा एकेक करून उलगडल्या आणि त्या समजून घेऊन नवा गेम बांधला. उडीची उंची, मार बसल्यावर मागे फेकले जाणे, शत्रूची चाल, हे सगळे मुळावरून घेतलेले आहे. जुने पासवर्डसुद्धा चालतात. त्या काळी कोणी वहीत उतरवून ठेवलेला पासवर्ड आज टाकला, तर खेळ तिथूनच सुरू होतो. निशिझावा यांचीही या कामाला साथ होती.

चित्र बदलले पण चाल तीच ठेवली, तर कृती तीच राहते का? या प्रश्नाचे उत्तर लिझार्डक्यूबच्या आधीच दोन-तीनदा देऊन झाले होते, आणि एकदा तर ते आपल्या घराघरांत आले होते. नव्वदच्या दशकात ‘एकात शेकडो गेम’ म्हणून मिळणाऱ्या कॅसेटींमध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ हमखास असे. गवती घागरा नेसलेला, टोपीवाला गोलमटोल गडी दगडी कुऱ्हाडी फेकत, फळे खात धावायचा. तो मुळात १९८६चा पहिला ‘वंडर बॉय’. नाव आणि पात्र सेगाचे, उरलेला गेम वेस्टोनचा, अशी मालकीची वाटणी होती. म्हणून हडसन कंपनीने तोच खेळ नवा चेहरा लावून विकला. तो खेळलेल्या माझ्या पिढीतल्या कित्येकांनी वंडर बॉय खेळला आहे, फक्त त्यांना ते माहीत नाही.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे, आणि जास्त बोलके. तिथे टेक टॉय कंपनीने १९९३ मध्ये ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’मधली पात्रे काढून मौरिसियो द सौझा यांच्या लोकप्रिय कॉमिक्समधली मोनिका आणि तिची टोळी घातली. ओटे, उड्या, वाटा सगळे तेच. पण मूळ गेममध्ये एकच जीव रूपे बदलत होता, इथे प्रत्येक रूपाच्या जागी वेगळा मित्र आला. चाल एका पावलानेही बदलली नाही, आणि शाप मात्र नाहीसा झाला. शापच नाही तर सरड्याच्या कातडीत अडकल्याचे दुःख कुठून येणार? नियम म्हणजेच खेळ, चित्र म्हणजे वरचा रंग, असे मानणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

त्यामुळे लिझार्डक्यूबच्या बटणाचे मोल मला मोठे वाटते. नवे चित्र देताना त्यांनी जुने काढून घेतले नाही. फिके यांची चित्रे ही मला मुळावरची टीका वाटते, आणि टीकेखाली मूळ ओळ जशीच्या तशी छापलेली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा पुढच्यांनी तीत आपली ओवी घालू नये अशी तंबी दिल्याचे आपण ऐकतो. इथे थोड्या ओव्या घातल्या आहेत : मुलगी होऊन खेळता येते, सोपी-कठीण पातळी निवडता येते, काही नवे गुप्त भाग आहेत. पण घातलेले काय आणि मुळातले काय, हे सहज वेगळे काढता येते.

चित्रांविषयी मात्र माझे पूर्ण समाधान नाही. मास्टर सिस्टीमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, आणि त्यावर एका वेळी फार तर ३२ रंग. एवढ्यात सरड्याचा चेहरा म्हणजे चार-सहा ठिपके. तो रागावला आहे, घाबरला आहे की थकला आहे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. फिके यांना ठरवावेच लागले. हाताने रेषा काढायची तर भुवई वर की खाली याचा निकाल लावावा लागतोच. त्यांनी तो प्रेमाने लावला आहे. दुकानाच्या भिंतीवर सामान लटकते, धूर वळसे घेतो, पाने हलतात. पण जुन्या वाळवंटात जे एकटेपण होते, ते या भरलेल्या चित्रात मला सापडले नाही. शिवाय एक व्यावहारिक अडचण. ठोकळ्यांच्या चित्रात कडा म्हणजे कडाच. रंगवलेल्या चित्रात पाय ठेवायची जागा कुठली आणि शोभेची फांदी कुठली, याचा घोळ होतो. अवघड जागा आली की भाची गुपचूप जुने चित्र लावायची. मी कारण विचारले तर म्हणाली, “मामा, यात खोटं काही नाहीये.”

मला तिला सांगावेसे वाटले, की आहे. बटण दाबल्यावर येणारे ‘जुने’ चित्रही १९८९चे नव्हे. तेव्हा हे ठिपके फुगीर काचेच्या टीव्हीवर, कडा विरघळून, एकमेकांत मिसळून दिसत. चित्रकाराने ते तसे दिसतील हे धरूनच मांडलेले असत. आजच्या सपाट पडद्यावरचे काटेकोर चौकोन ही आपल्या काळाची प्रत आहे. हस्तलिखिताचे छापील रूप वाचताना आपण जे विसरतो, तेच इथे विसरतो.

२०२१ मध्ये याच मालिकेतला १९९४चा ‘मॉन्स्टर वर्ल्ड ४’ नव्याने आला, तोही निशिझावा आणि मूळ चमूतल्या मंडळींच्या हातून. तो त्रिमितीय झाला, आणि मला तो निर्जीव वाटला. कर्त्याने स्वतः केलेली सुधारित आवृत्ती नेहमी सरस असतेच असे नाही, हे पोथ्यांच्या अभ्यासात वारंवार दिसते. परक्या, पण बारकाईने वाचलेल्या माणसाचे संपादन कधी कधी जास्त इमानी ठरते.

संगीताविषयी थोडेच लिहितो, कारण माझा कान तयार नाही. शिनिची साकामोटो यांच्या मूळ धुना तीन स्वर आणि एक खरखर एवढ्यावर उभ्या होत्या. मिशेल जेर यांनी त्या खऱ्या वाद्यांवर बसवल्या. चित्र आणि संगीत यांची बटणे मात्र वेगवेगळी आहेत. त्यामुळे पाठ दोन नव्हेत, चार होतात. भाचीने शेवटचा ड्रॅगन मारला तेव्हा चित्र जुने होते आणि संगीत नवे. ही प्रत १९८९ मध्ये कुठेच नव्हती. मी आक्षेप घेणार होतो, पण तेवढ्यात पडद्यावर सरडा, उंदीर, मासा, सिंह, ससाणा हे सगळे संपून माणूस उभा राहिला, आणि ती म्हणाली, “मामा, आता बोलू नकोस.”