अप्रकाशित नाद आणि रसिकांचा संग्रह : एक चिकित्सा

कलावंताने जे प्रकाशित केले तेवढाच समीक्षेचा विषय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ध्वनिमुद्रित संगीतात मात्र त्याने बाहेर न सोडलेल्या नादाचीच रसिकांना अधिक ओढ असते. ब्रिटनमधील इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स ऊर्फ एफेक्स ट्विन याने १९९४ मध्ये ‘कॉस्टिक विंडो’ या नावाने केलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या मोजक्याच चाचणी-प्रती निघाल्या. ती बाजारात आली नाही. २०१४ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांतील एक प्रत विकत घेतली, तिच्या डिजिटल प्रती वाटून घेतल्या आणि मूळ तबकडी लिलावात ४६,३०० डॉलरला गेली. पुढच्याच वर्षी जेम्सने आपल्या दोनशेहून अधिक जुन्या रचना स्वतःच महाजालावर खुल्या केल्या.

महाराष्ट्रातील रसिकांना हा छंद नवा नाही. खासगी मैफलींच्या टेप येथे पिढ्यानपिढ्या हस्ते-परहस्ते फिरत आल्या आहेत. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सुमारे तीन-साडेतीन मिनिटांच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली त्यांची भैरवीही तेवढीच. अल्लादियाखाँ परंपरेतील संथ, अखंड आकाराने उलगडत जाणारा राग या मर्यादेत मावणे अशक्य होते. केवळ तबकड्यांवरून केसरबाईंचे मूल्यमापन करणे म्हणजे उंबरठ्यावरून वाड्याचे वर्णन करणे होय. त्यांच्या मैफलींच्या टेप जपणाऱ्यांचे ऋण समीक्षेने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तथापि ‘अप्रकाशित’ हा एकच शब्द येथे दोन भिन्न गोष्टींना लावला जातो. यंत्रावर रचना घडवणारा संगीतकार जी रचना मागे ठेवतो, ती बहुधा त्याने नाकारलेला किंवा अपुरा सोडलेला खर्डा असते. मैफल अपुरी नसते. ती समोर बसलेल्यांपुरती पूर्ण असते.

अन्नपूर्णादेवींचे (१९२७–२०१८) उदाहरण या दोहोंत बसत नाही. १९५० च्या दशकानंतर त्यांनी जाहीर वादन थांबवले, ध्वनिमुद्रिका काढली नाही आणि मुंबईतील घरात शिष्यांना शिकवण्यात आयुष्य वेचले. तरीही त्यांच्या सूरबहारावरील मांज खमाज रसिकांच्या संग्रहांतून सर्वत्र पोहोचला. कोरीटसारख्या गावातील श्रोत्याला त्या वादनाकडे जाणारी दुसरी वाटच नाही. परंतु ही वाट वादिकेने उघडलेली नव्हती. तो ऐकताना लाभणारा आनंद खरा आहे, आणि त्यातील आगळीकही तितकीच खरी आहे. दुर्मिळतेचा गाजावाजा करणारे संग्राहक पहिल्याविषयी भरभरून बोलतात, दुसरीविषयी क्वचितच.

भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क व्यापक झाले. त्याच कायद्याचे कलम ३९ मुद्रण करणाऱ्याच्या खासगी वापराला, तसेच प्रामाणिक अध्यापन व संशोधनाला मोकळीक देते. वर्गात टेप ऐकवणाऱ्या प्राध्यापकाला हा आधार पुरेसा वाटेल. प्रतींच्या प्रती काढून वाटणाऱ्याला तो मिळत नाही.

संग्राहकांची आणखी एक उणीव अभ्यासकाला सतत अडवते. तबल्यावर कोण होते हे त्यांना तोंडपाठ असते, पण टेपच्या खोक्यावर ते लिहिलेले नसते. तारीख, स्थळ आणि साथीदार यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : मुद्रण होत असल्याचे कलावंताला ठाऊक होते की नव्हते.