गप्पी मासे पाळा... पण कोणत्या पाण्यात?

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नवी नाही. भिंतींवर, आरोग्य विभागाच्या फलकांवर ती अनेक वर्षे वाचायला मिळते. यमक जुळलेले आहे, मुलांच्या चटकन लक्षात राहते. म्हणूनच ती एकदा तपासून पाहायला हवी. विज्ञानाच्या तासाला आपण कोणत्याही विधानाच्या अटी विचारतो. या विधानाला अटच नाही. मासे कोणत्या पाण्यात सोडायचे, आणि कोणत्या डासासाठी?

हिवताप ॲनॉफिलिस डासांमुळे पसरतो. शहरांत त्यांपैकी स्टीफेन्सी ही जाती विहिरी, पाण्याच्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेले पाणी यांत वाढते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती पिंपे, कूलर, टाकून दिलेले टायर अशा जागा शोधतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स तुंबलेल्या गटारात सुखाने नांदतो. विहीर किंवा कारंज्याचा हौद अशा बंदिस्त पाण्यात गप्पीचा उपयोग होऊ शकतो. तो अळ्या खातो, अंड्यांऐवजी थेट पिल्ले घालतो आणि घाण पाणीही सोसतो. पण कूलरमध्ये मासे कोण पाळणार? तिथे आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकी घासायलाच हवी. नुसते ओतून भागत नाही, कारण एडिसची कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात.

घोषणा आश्वासन देते ते हिवताप टळण्याचे. अळ्या कमी होणे आणि रुग्ण कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अळ्या खाणाऱ्या माशांवरील अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये पुन्हा आढावा घेतला. काही ठिकाणी अळ्या घटलेल्या आढळल्या; मात्र हिवतापाचे रुग्ण घटले असे दाखवणारा, निकषांत बसणारा एकही अभ्यास मिळाला नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते गावतळ्यात. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. त्याचा भाऊबंद गॅम्बुशिया मूळचा उत्तर अमेरिकेचा. तो १९२८ मध्ये भारतात आणला गेला, आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. १९७२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कृत्रिम तळ्यांत गॅम्बुशिया सोडला, काहींत नाही. माशांनी पाण्यातले सूक्ष्म प्राणी फस्त केले. शेवाळ खाणारेच उरले नाहीत, आणि पाणी हिरवे झाले! निरोगी तळ्यात चतुरांच्या अळ्या, शिकारी पाणकिडे आणि स्थानिक मासे डासांच्या अळ्या खातच असतात. त्यांच्यात परका मासा सोडणे म्हणजे पहारेकऱ्यांवरच चोर सोडण्यासारखे आहे. गोव्यात १९९० च्या दशकात ॲप्लोकायलस ब्लॉकी हा देशी मासा वापरला गेला, हे अधिक शहाणपणाचे. अर्थात तिथे सोबत अळीनाशक जिवाणूही वापरले होते, तेव्हा सगळे श्रेय माशाला देता येत नाही.

वर्गात करता येईल असे एक काम आहे. पांढऱ्या वाडग्यात तळ्याचे, टाकीचे आणि गटाराचे पाणी वेगवेगळे घ्या. अळी पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर ती ॲनॉफिलिसची. डोके खाली करून तिरकी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिसची. कोणत्या पाण्यात कोणती आणि किती, याचा तक्ता मुलांनी करावा, अळ्या खाणारे कोण सापडले तेही लिहावे, आणि मग घोषणा नव्याने लिहून पाहावी. यमक नाही जुळले तरी चालेल.