नजर कुणाची, मंजर कुणाचा?

उर्दूत निसर्गचित्र काढण्याला ‘मंजरकशी’ म्हणतात. ‘मंजर’ आणि ‘नजर’ हे दोन्ही शब्द अरबीतील एकाच धातूपासून आलेले आहेत. पाहणाऱ्याला वगळून मंजर असू शकत नाही. आपल्या किनाऱ्याची युरोपियनांनी काढलेली चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला. मुंबई बेट व परिसराची त्याची बारा दृश्ये १८०० साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे १७९३ मध्ये आले. त्यांनी आपल्या रायगड जिल्ह्यातील घारापुरीची लेणी चितारली. हात कसलेला, उजेडाची जाण अस्सल. हे कबूल न करणे कोतेपणाचे ठरेल. पण ही चित्रे विलायतेतल्या गिऱ्हाइकासाठी होती. त्यांतली माणसे बहुधा खांब किती उंच, झाड किती मोठे हे कळावे एवढ्यापुरतीच येतात. तिथे राहणाऱ्याला ती जागा कशी दिसत होती, हा प्रश्न चित्रकाराला पडलेला दिसत नाही.

मग ही परकी रीतच टाकून द्यावी काय? आबालाल रहिमान यांनी तसे केले नाही. कोल्हापूरचा हा मुसलमान चित्रकार मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये इंग्रजी पद्धतीनेच शिकला आणि पुढे शाहू महाराजांच्या पदरी राहिला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी रंगवले ते आपल्याच गावचे कोटितीर्थ, तेही अनेकदा. प्रवासी एकदा पाहतो आणि पुढे जातो. रोज पाहणाऱ्याला तेच पाणी सकाळी वेगळे, संध्याकाळी वेगळे दिसते.

आता आपल्याकडे पाहू. पेण-रोह्याच्या शाळांत निसर्गचित्र काढायला सांगितले, की मुले दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य आणि एक झोपडी काढतात. पेणच्या खाडीकाठचे बांध नाहीत, खाचरे नाहीत, रोह्याची कुंडलिका नाही. तस्वीर म्हटली की आपल्यात अनेकांच्या कपाळाला आठी पडते. पण झाडे, डोंगर, पाणी रंगवण्याला बहुतेक उलेमांचीही हरकत नाही. ती सबब चालणार नाही.

परक्यांनी निदान इथे येऊन पाहिले होते. आम्ही शिक्षकच फळ्यावर ते दोन त्रिकोण काढून देतो. पुढच्या तासाला मुलांना बांधावर न्यायला हवे.