नाव झाकलेली कविता

महाविद्यालयात साहित्य हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक प्रश्न पडतो : कविता आवडली, एवढे पुरेसे नाही काय? तिचे विश्लेषण कशासाठी? पाकळ्या वेगळ्या केल्याने फुलाचा सुगंध वाढतो थोडाच, असे त्याचे म्हणणे असते आणि घरची वडीलधारी मंडळीही त्याला दुजोरा देतात. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आम्हांस एका जुन्या ग्रंथात आढळते. तो म्हणजे आय. ए. रिचर्ड्स यांचा १९२९ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’. कवितेचा प्राथमिक पाठ आज अनेक विद्यापीठांत ज्या रीतीने दिला जातो, तिच्या मुळाशी हा ग्रंथ आहे. श्रद्धावंत वाचकाला तर त्यात आरसाच सापडतो.

केंब्रिज विद्यापीठात शिकवीत असताना रिचर्ड्स यांनी एक साधा प्रयोग केला. काही कविता छापून त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. कवीचे नाव नाही, काळ नाही, प्रस्तावना नाही. आठवडाभर हव्या तितक्या वेळा वाचावे आणि जे वाटेल ते मोकळेपणी लिहावे, एवढीच अट. पुढे त्या अभिप्रायांवरच त्यांनी व्याख्याने दिली. ग्रंथात अशा तेरा कविता आणि त्यांवरील अभिप्राय आहेत. लिहिणारे बहुतेक विद्यार्थी इंग्रजी साहित्याचा खास अभ्यास करणारे, म्हणजे आपल्याच मातृभाषेतील कविता वाचणारे होते. तरीही पुष्कळांना ओळींचा सरळ अर्थसुद्धा लागला नव्हता, हे पाहून रिचर्ड्स अस्वस्थ झाले.

त्या तेरांपैकी तीन कवितांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण तिन्ही धर्मसेवकांनी लिहिलेल्या आहेत. पहिली जॉन डन यांची. कॅथलिक घरात १५७२ साली जन्मलेला हा कवी पुढे अँग्लिकन पंथाचा धर्मगुरू झाला. दुसरी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या येशूसंघीय धर्मगुरूंची. तिसरी स्टडर्ट केनेडी या पहिल्या महायुद्धातील लोकप्रिय लष्करी धर्मगुरूंची. नावे झाकलेली असताना विद्यार्थ्यांनी केनेडींच्या वसंतवर्णनाला अधिक पसंती दिली आणि डन व हॉपकिन्स मागे पडले. आज वाङ्मयाच्या इतिहासात हा क्रम नेमका उलटा आहे.

असे का व्हावे? वाचनाच्या आड येणाऱ्या दहा अडचणी रिचर्ड्स यांनी नोंदविल्या आहेत. त्यांतील तीन आमच्या परिचयाच्या आहेत. एक, शब्द वाचण्याऐवजी त्या शब्दांनी जाग्या झालेल्या स्वतःच्या आठवणी वाचणे. दुसरी, ठरीव प्रतिसाद : वसंत म्हटला की आनंद, आई म्हटली की डोळ्यांत पाणी, कवीला फारसे कष्ट घ्यावे लागत नाहीत. तिसरी, मतबद्धता : कवितेतील श्रद्धा आपल्याला मान्य असेल तर कविता चांगली, नसेल तर वाईट. डन यांच्या सुनीताला हीच अडचण भोवली. अंतिम न्याय न मानणाऱ्यांना त्या श्रद्धेपलीकडे कविता दिसली नाही. श्रद्धा मानणाऱ्याचेही तसेच होऊ शकते. ‘सुंदर प्रार्थना’ म्हणून तो मान डोलावतो आणि पुढे जातो.

वास्तविक त्या सुनीताची रचना पाहण्याजोगी आहे. पहिल्या आठ ओळींत प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातील पृथ्वीचे कोपरे, देवदूतांचे कर्णे, युद्धाने, रोगाने, जुलमाने मेलेल्यांची अफाट गर्दी असा कल्लोळ आहे. नवव्या ओळीत स्वर एकदम खाली येतो. त्यांना अजून झोपू दे, आधी मला येथेच, या मातीवर, पश्चात्ताप करावयास शिकव, अशी विनवणी कवी करतो. ज्याने न्यायाचा दिवस मोठ्याने बोलाविला, तोच मुदत मागतो. हे वळण ध्यानी न घेता कवितेला धार्मिक म्हणणे म्हणजे प्रवचनाचा विषय ऐकून प्रवचन ऐकल्याचे समाधान मानण्यासारखे आहे.

हॉपकिन्स यांची कविता १८८० सालची. ती प्रसिद्ध झाली मात्र १९१८ साली, कवीच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. झाडांची पाने गळताना पाहून एक लहान मुलगी रडते. कवी तिची समजूत घालीत नाही. मोठी होशील तशी अशा दृश्यांना तू सरावशील, तरी रडणे राहीलच आणि कारणही कळेल. तू शोक करतेस तो स्वतःसाठीच, असे तो सांगतो. शीर्षकातील ‘फॉल’ या शब्दात पानगळ आहे, तसेच आदामाचे पतनही आहे. धर्मगुरूंच्या या पंधरा ओळींत देवाचे नाव एकदाही येत नाही, तरी मूळपापाचा सिद्धांत त्यांत भरून राहिला आहे. श्रद्धा कवितेच्या विषयात शोधणाऱ्याला ती येथे सापडणार नाही. शब्दांत शोधणाऱ्याला सापडेल.

याच कवितेत ‘विल’ या एका छोट्या शब्दावर कवीने आघाताची खूण केली आहे. ‘पुढे रडशील’ असाही अर्थ होतो आणि ‘रडायचेच म्हणतेस’ असाही. खुणेमुळे संदिग्धता मिटते, असे रिचर्ड्स यांचे मत. त्यांचेच विद्यार्थी विल्यम एम्प्सन यांनी १९३० सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले की ती उलट वाढते. गुरुशिष्यांचा एका शब्दावर मतभेद व्हावा आणि दोघांनीही त्यासाठी कवितेतूनच पुरावा द्यावा, यालाच आम्ही शिक्षण म्हणतो. विश्लेषणाने सुगंध उडून जातो, या शंकेचे उत्तर येथे मिळते. दुसरा अर्थ दिसल्यावर ती मुलगी अधिकच जवळची वाटू लागते.

रिचर्ड्स यांच्या पद्धतीत उणीवही आहे. नाव व काळ काढून टाकला की पूर्वग्रह जातात, परंतु कवितेचे घरही जाते. डन यांचा एक भाऊ एका कॅथलिक धर्मगुरूला आश्रय दिल्यामुळे तुरुंगात पडला आणि तेथेच मरण पावला, हे कळल्यावर त्या सुनीतातील जुलमाने मेलेल्यांचा उल्लेख निराळा ऐकू येतो. म्हणून नाव प्रथम झाकावे आणि मग उघडावे, असा क्रम आम्ही सुचवू.

त्याच छळाच्या काळातील इंग्लंड सोडून आणखी एक कॅथलिक कवी १५७९ साली गोव्यास आला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठीची स्तुती करणाऱ्या त्यातील ओव्या आपण प्रत्येक समारंभात ऐकतो, टाळ्या वाजवितो आणि ग्रंथ मिटून ठेवतो. हाही ठरीव प्रतिसादच नव्हे काय? सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्यात यमकाने बांधलेल्या तीन चरणांनंतर चौथा आखूड चरण कोठे टेकतो, हे किती जणांनी कान देऊन ऐकले आहे? स्वर्गासाठी कवी ‘वैकुंठ’ हा शब्द योजतो. त्यावर कोणी नाक मुरडतो, कोणी अभिमानाने छाती फुगवितो. तो शब्द त्या ओवीत काय काम करतो, हा प्रश्न मात्र दोघेही विचारीत नाहीत. पूर्वजांच्या ठेव्याविषयी आदर बाळगणे सोपे. तो वाचणे हे कर्तव्य आहे.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. आपला मुलगा वा मुलगी कवितेचा कागद घेऊन बसली की ‘यातून काय बोध मिळतो’ हे लगेच विचारू नका. कविता दोनदा मोठ्याने वाचावयास सांगा. सरळ अर्थ त्यांच्याच शब्दांत ऐका. कोण कोणाशी बोलते, स्वर कोठे बदलतो, कोणता शब्द बदलला तर कविता मोडेल, हे विचारा. बोध त्यानंतर येईल, आणि तो वाचणाऱ्याचा स्वतःचा असेल. ज्या घरात स्तोत्रसंहिता मोठ्याने वाचली जाते, त्या घराला ही शिस्त परकी वाटू नये.