विद्वत्परिषदांचें शुल्क

विद्वत्परिषदांचीं निमंत्रणपत्रें अलीकडे लांबत चाललीं आहेत, आणि त्यांतील विषयविवेचनाचा भाग मात्र उत्तरोत्तर आखूड होत आहे. नुकतेंच एका परिषदेचें परिपत्रक आमच्याकडे आलें. त्यांत चर्चाविषयांस अर्धें पृष्ठ असून पुढील दोन पृष्ठें शुल्काच्या कोष्टकानें व्यापिलीं आहेत. लवकर नांव नोंदविणाऱ्यास एक दर, उशिरा नोंदविणाऱ्यास दुसरा, निबंध वाचणाऱ्यास तिसरा, नुसता ऐकणाऱ्यास चौथा. त्यांवर शेंकडा १८ वस्तु-व-सेवा-कर. प्रवास व निवास निराळा. संस्थेचें नांव आम्ही देत नाहीं. कारण हा दोष एकीचा नाहीं, रिवाजच झाला आहे. निबंध मान्य झाला तरी शुल्क न आल्यास तो कार्यक्रमांतून गाळला जाईल, असें एक कलम त्यांत आहे. आमचा मुख्य आक्षेप या कलमावर आहे.

परिषद कशासाठीं भरवावयाची, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत एकाच विद्येच्या जाणकारांनीं एकमेकांशीं करावयाच्या चर्चेस तद्विद्यसंभाषा म्हटलें असून तिचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन भेद सांगितले आहेत; एक स्नेहभावाची, दुसरी जिंकण्याच्या ईर्षेची. पूर्वीं ऐकलेल्या गोष्टींतील संशय तीमुळें फिटतो, न ऐकलेलें ऐकावयास मिळतें, आणि आचार्य प्रसन्न झाल्यावर शिष्यास जें हळूहळू सांगतो तें वादाच्या भरांत एकदम बोलून जातो, असे तिचे लाभ तेथें वर्णिले आहेत. समक्ष भेटीचें याहून मार्मिक समर्थन आमच्या वाचनांत नाहीं. म्हणूनच परिषदा नकोत असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. पण संभाषेचा अधिकार 'तद्विद्य' असण्यानें येतो, पावती दाखविल्यानें येत नाहीं. शिवाय पंधरा मिनिटांत निबंध आणि पांच मिनिटांत प्रश्न उरकणाऱ्या सभेंत संशय फिटण्याइतका वेळ तरी कोठें असतो?

पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वांटली जाई. त्या दानास जातीची मर्यादा होती, आणि पात्रापात्रविवेक तर पुष्कळदां सुटलेला असे. ती रीत परत यावी असें कोणीहि म्हणणार नाहीं. तथापि द्रव्याचा ओघ विद्वानाकडे होता. अर्वाचीन काळांतहि हें भान सुटलें नव्हतें. प्राच्यविद्याविशारदांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद १८७४ सालीं लंडन येथें भरली, तेव्हां रामकृष्ण गोपाळ भांडारकर स्वतः जाऊं शकले नाहींत. नाशिकच्या शिलालेखांवरील त्यांचा निबंध मात्र तेथें पोंचला, आणि १८७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परिषदेच्या वृत्तांत तो छापलाहि गेला. पुढें १८८६ सालीं ते व्हिएन्नाच्या परिषदेस गेले ते मुंबई सरकारचे प्रतिनिधि म्हणून. ज्या परिषदेस माणूस येत नाहीं तिला त्याचा निबंध चालतो, हें तेव्हां कोणास विलक्षण वाटलें नाहीं.

आज भाव कां चढला, याचीं कारणें गूढ नाहींत. सभागृह, भोजन, मुद्रण सर्वच महाग झालें, हें यजमान संस्थांचें म्हणणें खरें आहे. रेल्वेच्या सवलती २० मार्च २०२० पासून बहुतांशीं बंद करण्यांत आल्या. त्यांत वृद्ध प्रवाशांची सवलत तर गेलीच, पण कांहीं अखिल भारतीय शैक्षणिक व सांस्कृतिक संस्थांच्या वार्षिक अधिवेशनांस जाणाऱ्या प्रतिनिधींस मिळणारी सूटहि गेली. परदेशीं जाणाऱ्याची गोष्ट निराळीच. युरोपांतील शेंगेन राष्ट्रांच्या प्रवेशपरवान्याचें शुल्क जून २०२४ मध्यें ८० युरोंवरून ९० झालें, आणि परवाना नाकारला तरी तें परत मिळत नाहीं.

पण सर्वांत घातक कारण आमच्या मतें गुणांचें कोष्टक होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलींत निबंधवाचनास परदेशांतील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ७, देशांतील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ५, राष्ट्रीय परिषदेंत ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीच्या परिषदेंत २ असे गुण ठरविले गेले. निबंध तोच असला तरी अंतर वाढलें कीं गुण वाढतात! ज्या वस्तूवर पदोन्नति अवलंबून राहते तिचा भाव चढणारच, आणि श्रोत्यांची फिकीर न करतां प्रमाणपत्रें विकणाऱ्या परिषदाहि निघणारच.

यांत नुकसान कोणाचें? मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें निघालीं तीं वाड्यांच्या माळ्यांवरून, देशमुख-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतून आणि मठांतील पेट्यांतून. ज्या साधनसंग्रहाचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला तो वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जमविला. त्यांच्या पाठीशीं विद्यापीठाचा प्रवासभत्ता नव्हता. १९३५ सालीं पुण्यास भारत-इतिहास-संशोधक-मंडळाच्या विद्यमानें इतिहास-परिषद भरली ती अशा श्रमांनीं उभ्या राहिलेल्या संस्थेच्या बळावर. आजहि एखाद्या परगण्याचें दप्तर ज्यानें सबंध वाचलें आहे असा मनुष्य तालुक्याच्या गांवचा शिक्षक असतो, निवृत्त कारकून असतो, किंवा तासिका-तत्त्वावर राबणारा तरुण अध्यापक असतो, ज्यास सुटीचा पगार नाहीं. त्याचा निबंध गळला तर त्याचें फारसें जात नाहीं. तो आपलें दप्तर वाचीत राहतो. ज्या प्राध्यापकाचा सिद्धान्त त्या दप्तरांतील एका निवाडपत्रानें कोसळला असता, तो मात्र टाळ्या घेऊन घरीं जातो, आणि ती चूक पुढें ग्रंथांत शिरते. पूर्वपक्षी सभेबाहेर ठेवून केलेल्या सिद्धान्तास आमच्या नैयायिकांनीं सिद्धान्त म्हटलें नसतें.

उपाय खर्चाचा नाहीं. ज्यांचा प्रवास व शुल्क संस्था भरते त्यांजकडून पूर्ण शुल्क घ्यावें. इतरांचा निबंध योग्यतेनें मान्य झाल्यास तो शुल्कावांचून घ्यावा, आगाऊ छापून वांटावा, आणि कर्ता न आल्यास दुसऱ्याकडून वाचवून त्यावरील आक्षेप त्यास कळवावे. जागतिक संस्कृत परिषदेचें कॅनबेरास ठरलेलें अठरावें अधिवेशन महामारीमुळें जानेवारी २०२३ मध्यें दूरस्थ पद्धतीनें भरलें. तेव्हां यंत्र नाहीं ही सबब आतां उरत नाहीं. भोजनोत्तर गप्पांचा लाभ तसा मिळणार नाहीं हें आम्हांस मान्य आहे. अधिवेशन संपल्यावर जमाखर्च वृत्तांतांत छापावा, आणि त्यांत पिशव्या, स्मृतिचिन्हें व सत्काराच्या शाली यांवरील रक्कम वेगळी दाखवावी.