खर्रा, गांजा आणि पहिलीतले मूल

गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकांना खर्रा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पानठेल्यावर मिळणारा हा पदार्थ पुरुषांप्रमाणे स्त्रियाही खातात आणि गरोदरपणातही तो सुटतोच असे नाही. पुढे त्या घरचे मूल अक्षरे ओळखायला मागे पडले, की कुणीतरी सहज म्हणून जाते, "आईनेच खर्रा खाल्ला, मूल मठ्ठ निघणारच!" या वाक्याला विज्ञानाचा आधार किती, ते आम्ही तपासून पाहिले.

आपल्या राज्यातला भक्कम अभ्यास मुंबईचा आहे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि प्रसूतीपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. या अभ्यासाची जमेची बाजू अशी, की सवयीची चौकशी प्रसूतीपूर्वीच झाली. बाळ कसे निघाले यावरून आईची आठवण बदलण्याचा प्रश्न आला नाही. मात्र इथे काट्यावर वजन तोलले गेले, बुद्धी नव्हे. त्यावरून वाचनक्षमतेबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे अभ्यासाच्या तोंडी नसलेले शब्द घालणे होय.

मग मुलांच्या विकासापर्यंत पोचलेले अभ्यास काय सांगतात? गांजाबाबत असे अभ्यास झाले आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. जमैकात मेलनी ड्रेहर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली गांजा ओढणाऱ्या मातांची २४ आणि न ओढणाऱ्यांची २० बाळे तपासली. तिसऱ्या दिवशी फरक दिसला नाही. महिन्याने तर गांजा ओढणाऱ्यांचीच बाळे काही बाबतींत सरस ठरली! म्हणजे गांजा बाळाला मानवतो काय? मुळीच नाही. संशोधकांनी स्वतःच मातांच्या सामाजिक आणि आर्थिक परिस्थितीकडे बोट दाखवले. शिवाय ४४ बाळे आणि एक महिना, एवढ्या बळावर निर्धास्त होता येत नाही.

कॅनडातील ओटावा इथे पीटर फ्राइड यांनी १९७८ पासून मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. गांजा जास्त ओढणाऱ्या मातांची मुले चौथ्या वर्षी भाषेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे होती. पुढे लक्ष टिकवण्यातही फरक दिसला. एकूण बुद्ध्यंकात मात्र दिसला नाही. म्हणजे परिणाम आहे, पण तो "मठ्ठ" या शब्दात मावणारा नाही.

तंबाखूतले निकोटीन आणि गांजातले मादक द्रव्य, दोन्ही वारेतून गर्भापर्यंत पोचतात. तेव्हा "गरोदरपणी हे नको" हा सल्ला योग्यच आहे. आमचा आक्षेप आहे तो शेकडो बाळांची सरासरी एका मुलाच्या कपाळी लिहिण्याला. सालेकसा-देवरीकडच्या पहिलीतल्या मुलाच्या घरी गोंडी बोलली जात असेल, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी. आणि वर्गात एकदम प्रमाण मराठी. त्याच्या अंगात रक्त कमी असेल, त्याला नीट ऐकू येत नसेल. ही कारणे तपासता येतात, काही दूरही करता येतात. "आईचा खर्रा" हे कारण एकदा ठरले, की तपासणेच थांबते. नुकसान होते ते तिथे.

खर्ऱ्याविषयी बोलायचेच तर ते आठवी-नववीच्या मुलामुलींशी बोलावे. त्यांची बाळे अजून जन्मायची आहेत. पहिलीतल्या मुलाचे गर्भातले नऊ महिने संपले. शाळेची वर्षे मात्र आपल्या हाती आहेत.