महावीरांचे एकत्र कुटुंब

एकट्या वीराची गोष्ट लिहिणे तसे सोपे. त्याला एक शत्रू द्यावा, एक प्रेयसी द्यावी, एखादे गुपित द्यावे. बाकीचे काम त्याचे बाहुबळ करते. पण सात वीर एका मेजाभोवती आणून बसवले, की लेखकाची खरी पंचाईत सुरू होते. एकजण डोंगर उचलणारा असेल, तर उरलेल्या सहांनी करायचे काय? आणि त्याहूनही अवघड प्रश्न असा, की ज्या दिवशी लढाई नसेल त्या दिवशी ही मंडळी एकमेकांशी बोलणार तरी काय?

अमेरिकन चित्रकथांत अशा सुपरहीरोंच्या पथकांच्या गोष्टी १९४० पासून येत आहेत. महिन्याच्या महिन्याला निघालेले ते पातळ अंक आता जाडजूड बांधीव संग्रहांतून वाचायला मिळतात, आणि २०१२ सालच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ चित्रपटानंतर तर ही नावे आपल्याकडच्या मुलांच्याही तोंडी बसली आहेत. तेव्हा त्यांतले लेखन कुठे खरे उतरते आणि कुठे नुसताच दणदणाट आहे, हे वडीलधाऱ्यांनीही एकदा पाहायला हरकत नाही.

गार्डनर फॉक्स या लेखकाची ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ १९६० साली अवतरली. पहिल्याच कथेत स्टारो नावाचा एक अजस्र तारामासा पृथ्वी जिंकायला येतो. एका गावातली सारी माणसे त्याच्या अमलाखाली जातात. एक पोरगा मात्र बचावतो, कारण तो हिरवळीवर चुना टाकीत होता आणि तो चुना त्याच्या अंगावर उडाला होता. बस्स, किल्ली सापडली! जगजेत्याला चुना लावण्याची ही कल्पना मराठी वाचकाला अंमळ अधिकच आवडावी. फॉक्सची सारी हुशारी अशा कोड्यांत आहे. मंडळी दोघे-दोघे, तिघे-तिघे होऊन वेगवेगळ्या दिशांना जातात, आपापली संकटे निवारतात आणि शेवटी एकत्र येतात. सुताराने चौकट ठोकावी तशी ती रचना घट्ट असते. पण चेहरे हाताने झाकून नुसते संवादाचे फुगे वाचा: कोण बोलतो आहे हे ओळखू येणार नाही. सारे सारख्याच सभ्य, सारख्याच उत्साही भाषेत बोलतात. एक कथा वाचून मौज वाटते. सलग चार वाचल्या की सभेचे इतिवृत्त वाचल्यासारखे होते.

पुढच्याच वर्षी, १९६१ साली, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा ‘फॅन्टॅस्टिक फोर’ आला आणि मंडळाचे कुटुंब झाले. नवरा होऊ घातलेला विद्वान रीड, त्याची वाग्दत्त वधू सू, तिचा उनाड भाऊ जॉनी आणि रीडच्याच अंतराळयानात बसल्यामुळे कायमचा दगडी देहाचा झालेला मित्र बेन. इथे चेहरे झाकले तरी चालते. बेनचे गल्लीतले फटकळ बोलणे आणि रीडची व्याख्याने यांत गफलत होणे शक्यच नाही. १९६२ सालच्या नवव्या अंकात तर या जगद्‌रक्षकांचे पैसे बुडतात आणि राहत्या जागेवर गदा येते. महिनाअखेर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वीर लगेच आपले वाटतात.

या मालेतला १९६६ सालचा ५१ वा अंक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रीडचा मत्सर करणारा एक शास्त्रज्ञ बेनचे दगडी रूप चोरतो आणि रीडला संपवण्यासाठी त्याच्या घरात शिरतो. तिथे त्याला दिसते ते काय? ज्याला तो कीर्तीचा हपापलेला समजत होता, तो माणूस इतरांसाठी स्वतःचा जीव धोक्यात घालायला निघाला आहे. शेवटी रीडला वाचवून तो स्वतः मरतो. या माणसाला लेखकांनी नावसुद्धा दिलेले नाही. वीस पानांत खलनायकाचे मन पालटते आणि ते पटते, ही साधी गोष्ट नाही. अर्थात इथे ‘लेखक’ कोणाला म्हणावे हा वाद आहे. कथेची मोघम रूपरेषा ठरे, कर्बी प्रसंग रचून पाने काढी आणि ली त्यांत संवाद भरी. माझ्या मते या कथेचा पाठीचा कणा कर्बीचा आणि जिव्हा लीची.

क्रिस क्लेअरमाँटने ‘एक्स-मेन’ १९७५ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे लिहिले. त्याचा एक दोष संग्रहात फार खुपतो. दर महिन्याला नवा वाचक येणार म्हणून प्रत्येक पात्र आपली शक्ती पुन्हा समजावून सांगते. तेच वाक्य दहाव्यांदा आले की पान उलटावेसे वाटते. पण त्याला माणसे वाढवता येतात. जीन ग्रे ही त्याची नायिका सामर्थ्याच्या धुंदीत एक तारा गिळते, आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव नाहीसे होतात. मूळ बेतात तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे होते. एवढ्या हत्येला एवढीच शिक्षा कशी, असे संपादक जिम शूटर यांनी हटकले, आणि १९८० सालच्या १३७ व्या अंकात जीन प्रियकराच्या डोळ्यांदेखत स्वतःचा अंत करून घेते. संपादकाच्या हस्तक्षेपाने कथा सुधारल्याचे असे उदाहरण विरळा.

मात्र १९८६ साली धंद्याने तिला परत आणले. मेली ती जीन नव्हतीच, खरी जीन समुद्राच्या तळाशी निजली होती, असा खुलासा झाला. ही करणी क्लेअरमाँटची नव्हे. तिचा प्रियकर स्कॉट तोवर लग्न करून एका मुलाचा बाप झाला होता. जीन जिवंत आहे असे कळताच तो बायको आणि तान्हे मूल टाकून निघाला. मेलेले माणूस परत आणण्याच्या नादात जिवंत माणसाचे शील गेले, याची खंत त्या पानांवर पुरेशी दिसत नाही. पथकांच्या चित्रकथांचा हा जुना रोग आहे. काहीच कायमचे घडत नसेल, तर वाचकाने डोळे ओले करावेत कशासाठी?

मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या ‘न्यू टीन टायटन्स’मध्ये (१९८०) एक लग्न आहे, आणि त्या अंकात लढाई मुळीच नाही, हे धाडस दाद देण्याजोगे. गिफेन आणि डीमॅटिस यांची १९८७ सालची ‘जस्टिस लीग’ निखळ विनोदी आहे, भांडखोर बिऱ्हाडासारखी. ती हसवते, पण मनात फार वेळ राहत नाही.

घरी आणायचे असतील तर लहानांसाठी फॉक्सची कोडी आणावीत, सर्वांसाठी ली-कर्बींचा ५१ वा अंक असलेला खंड. मोठ्या मुलांना क्लेअरमाँट द्यावा, पण १३८ व्या अंकापाशी थांबावे. तिथे जीनचा दफनविधी आहे. स्कॉट घर सोडून जातो, आणि त्याच घरी किटी नावाची तेरा वर्षांची मुलगी राहायला येऊन दाखल होते.